कोरेगावचे घोडदळ आणि कर्नल तारापोर

दरवर्षी 31 डिसेंबरच्या रात्री मीरा रोड आणि भाईंदरमधून भीमा कोरेगावकडे गाड्या निघतात. कोणी एसटीने जातो, कोणी रेल्वेने पुण्यापर्यंत, तर कोणी चार घरांनी मिळून केलेल्या गाडीने. पहाटे स्तंभाच्या रांगेत उभे राहिलो की मागच्या पिढीने सांगितलेले सगळे आठवते. 1 जानेवारी 1818 ची ती लढाई, कॅप्टन स्टॉन्टन, बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्रीच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी पलटण, स्तंभावरची 'नाक' लागलेली 22 नावे. 1 जानेवारी 1927 रोजी बाबासाहेबांनी त्या जागी येऊन दिलेली मानवंदना. हे आमच्यापैकी बहुतेकांना पाठ आहे. पण या पाठांतरातून एक तुकडी नेहमी सुटते.

त्या दिवशी कोरेगावात एकटे पायदळ नव्हते. स्टॉन्टनच्या आठशेवर माणसांत सुमारे 500 शिपाई होते, दोन तोफा आणि त्यांच्यावरचे गोलंदाज होते, आणि लेफ्टनंट स्वान्स्टनच्या हाताखाली अडीचशे-तीनशे स्वार होते. हे स्वार पूना ऑक्झिलरी हॉर्सचे. 1817 च्या पुणे तहानंतर हे घोडदळ उभे राहिले होते आणि वर्ष पुरे होण्याच्या आतच कोरेगावच्या गल्ल्यांत अडकले. पुढे ते 34 वी पूना हॉर्स झाले, 1921 मध्ये 33 व्या लाइट कॅव्हलरीशी त्याचे एकत्रीकरण झाले, आणि आज ते भारतीय सैन्यात 17 हॉर्स, म्हणजे पूना हॉर्स, या नावाने आहे. घोडे केव्हाच गेले, आता रणगाडे आहेत. पण शिपायाला अजून सवार म्हणतात आणि जुन्या रिसाल्यातले रिसालदार, दफेदार हे हुद्देही तसेच चालू आहेत.

या रेजिमेंटच्या एका कमांडिंग ऑफिसरची गोष्ट आम्हाला आज सांगायची आहे. लेफ्टनंट कर्नल अर्देशीर बुर्झोरजी तारापोर, परमवीर चक्र. ते पारशी होते. त्यांचा आमच्या चळवळीशी काही संबंध नव्हता आणि तसा संबंध ओढूनताणून जोडण्याचे आम्हाला कारण नाही. तरी कोरेगावला जाणाऱ्या प्रत्येक तरुणाला हे चरित्र माहीत असावे असे आम्हाला वाटते. का, ते पुढे येईल.

आडनावापासून सुरुवात करू, कारण ते आमच्याच रेल्वे लाइनवरचे आहे. भाईंदरहून खाडी ओलांडून गाडी वसई, विरार, पालघर करत डहाणूकडे जाते. मध्ये बोईसर लागते. तिथून पश्चिमेला समुद्राकडे गेले की तारापूर. आज हे नाव अणुवीज केंद्रामुळे आणि औद्योगिक वसाहतीमुळे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याआधी ते पारशी वस्तीचे गाव म्हणून ओळखले जाई. तारापोर घराण्यात अशी कथा सांगितली जाते की त्यांचा रतनजीबा नावाचा पूर्वज शिवाजी महाराजांच्या सैन्यात सरदार होता, त्याला शंभर गावे इनाम मिळाली आणि त्यात तारापूर मुख्य होते. सैन्यावरच्या बहुतेक लेखांत ही कथा जशीच्या तशी छापलेली असते. आम्ही ती घराण्याची आख्यायिका म्हणूनच घेतो. कारण त्या काळात तारापूरचा किल्ला पोर्तुगीजांकडे होता, आणि मराठ्यांनी तो घेतला 1739 मध्ये, चिमाजी आप्पांच्या मोहिमेत. पण घरात तलवारीच्या गोष्टी सांगितल्या जात होत्या आणि मुलगा त्या ऐकत मोठा झाला, एवढे खरे.

जन्म 18 ऑगस्ट 1923 चा, मुंबईतला. वडील फारसी आणि उर्दूचे जाणकार, नोकरी कस्टम खात्यात. आजोबांच्या काळात घराणे हैदराबादला गेले होते, निझामाच्या नोकरीत. घरात मुलाला आदी म्हणत. तो सहा वर्षांचा असताना घरची गाय दावे तोडून बहिणीच्या अंगावर धावली आणि या पोराने मध्ये उभे राहून तिच्या नाकावर काठी मारली, ही गोष्ट त्यांच्या प्रत्येक चरित्रात येते. वीरांच्या बालपणीच्या अशा गोष्टी आम्ही जरा सावधपणेच वाचतो, पण ही आम्हाला आवडते, कारण तिच्यात वाघ नाही, घरचीच गाय आहे.

सातव्या वर्षी त्यांना पुण्याला सरदार दस्तूर बॉइज स्कूलच्या वसतिगृहात ठेवले. अभ्यासात ते फार चमकले नाहीत. पोहणे, मुष्टियुद्ध, टेनिस, क्रिकेट यांत पुढे, आणि शेवटच्या वर्षी शाळेचे कॅप्टन. 1940 मध्ये मॅट्रिक झाले आणि लगेच सैन्यासाठी अर्ज केला. गोवळकोंड्याला आणि मग बंगळूरला प्रशिक्षण झाले. 1 जानेवारी 1942 रोजी हैदराबाद संस्थानच्या सैन्यात, सातव्या हैदराबाद इन्फन्ट्रीत, सेकंड लेफ्टनंट म्हणून ते रुजू झाले. वय 18.

ही तारीख वाचताना आम्ही थांबलो. त्याच्या फक्त तीन महिने आधी, 1 ऑक्टोबर 1941 ला, बेळगावात महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली होती. त्यासाठी बाबासाहेबांना व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीत बसून भांडावे लागले होते. कोरेगावात लढलेल्या जातीची भरती इंग्रजांनी 1890 च्या दशकात 'लढाऊ जमाती'चे खूळ डोक्यात घेऊन बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांसारख्या निवृत्त सैनिकांनी अर्ज-विनंत्या केल्या, पण त्यांचे कोणी ऐकले नाही. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा 1917 मध्ये 111 वी महार पलटण काढली आणि गरज संपताच 1921 मध्ये मोडली. म्हणजे ज्या वर्षी एका पारशी मुलाला शाळेतून निघताच अधिकाऱ्याचा गणवेश मिळाला, त्याच सुमारास आमची पोरे साध्या शिपायाच्या रांगेत पुन्हा उभी राहत होती. आदी तारापोरांचा यात काही दोष नाही. पण दोन्ही तारखा शेजारी ठेवून वाचल्याशिवाय हा काळ कळत नाही.

आदींना मात्र पायदळ नको होते. त्यांना हवे होते घोडदळ.

घोडदळाची ही ओढ त्या काळच्या सैन्यात सगळीकडे होती, आणि तिच्यामागे केवळ शौर्याची हौस नव्हती. घोडा म्हणजे प्रतिष्ठा. आम्ही मीरा-भाईंदरवाल्यांनी तर हे विसरू नये, कारण आमच्या हद्दीतल्या घोडबंदराचे नावच तिथे उतरणाऱ्या अरबी घोड्यांवरून पडले असे सांगतात. खाडीवरचा तो किल्ला आम्ही रविवारी फोटो काढायला जातो तेवढाच आम्हाला ठाऊक. पण समुद्र ओलांडून आलेले घोडे कोणाच्या तबेल्यात जात होते, हा प्रश्न तिथे उभे राहून विचारला पाहिजे. मराठी मुलखात शिलेदार आणि बारगीर हे दोन शब्द लहान मुलालाही माहीत असतात. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगिराचा सरकारी. इंग्रजांनी ही शिलेदारी जशीच्या तशी उचलली. पहिल्या महायुद्धापर्यंत मद्रासकडचे तीन रिसाले सोडले तर हिंदुस्थानचे सगळे घोडदळ शिलेदारी पद्धतीवर चालत होते. स्वाराने घोडा आणावा किंवा घोड्याचे पैसे भरावेत, सामान-सरंजाम स्वतःचा ठेवावा, आणि त्या बदल्यात सरकारने एकरकमी पगार द्यावा. ज्याच्याकडे जमीन नाही, ज्याला गावकुसाबाहेर ठेवले आहे, तो घोड्याचे पैसे आणणार कुठून? पायदळात निदान पगारावर शिरता येत होते. घोडदळाच्या दारावर 'अमुक जातीला प्रवेश नाही' अशी पाटी लावायची गरजच नव्हती. घोड्याची किंमत हीच पाटी होती. आजही उत्तरेत आमच्या नवरदेवाने घोड्यावर बसून वरात काढली म्हणून दगड पडतात, पोलीस बंदोबस्तात लग्ने लागतात. तेव्हा घोडा हे केवळ जनावर नाही, हे आम्हाला कोणी समजावून सांगायला नको.

तर आदी तारापोरांना पहिल्या हैदराबाद इम्पिरियल सर्व्हिस लान्सर्समध्ये जायचे होते. तोपर्यंत तिथे घोड्यांच्या जागी चिलखती गाड्या आल्या होत्या. बदली कशी मिळाली, ही त्यांच्या आयुष्यातली पहिली मोठी घटना.

त्यांच्या पलटणीची तपासणी करायला हैदराबादच्या सैन्याचे सरसेनापती मेजर जनरल एल एद्रूस आले होते. हातबॉम्ब फेकण्याचा सराव चालू होता. एका नवख्या शिपायाच्या हातून पिन काढलेला बॉम्ब निसटला आणि फेकण्याच्या खड्ड्यातच पडला. अशा वेळी काही क्षणच हातात असतात. तारापोरांनी उडी घेतली, बॉम्ब उचलला आणि बाहेर भिरकावला. तो हवेतच फुटला आणि त्याचे तुकडे त्यांच्या छातीत घुसले. बरे झाल्यावर सरसेनापतींनी त्यांना बोलावून घेतले. शाबासकीच्या त्या भेटीत या तरुण अधिकाऱ्याने बढती मागितली नाही, रजा मागितली नाही. लान्सर्समध्ये बदली मागितली, आणि ती मिळाली.

आम्हाला या प्रसंगात बॉम्बपेक्षा तो नवखा शिपाई जास्त दिसतो. त्याचे नाव कुठे आलेले नाही. सरसेनापतीसमोर हात थरथरलेल्या त्या पोराचे पुढे काय झाले असेल? पण तो जिवंत राहिला, आणि त्याच्या चुकीची किंमत त्याच्या अधिकाऱ्याने आपल्या छातीवर घेतली. पुढच्या 23 वर्षांत या माणसाची वागण्याची रीत फारशी बदललेली दिसत नाही.

दुसऱ्या महायुद्धात लान्सर्सबरोबर ते पश्चिम आशियात होते. त्या काळावर आम्ही फार थांबत नाही. परत आले तेव्हा देश स्वतंत्र होण्याच्या वाटेवर होता आणि ज्या राज्याचा गणवेश त्यांच्या अंगावर होता ते राज्य संपायला आले होते.

सप्टेंबर 1948. मराठवाड्यातल्या आमच्या बांधवांना त्या दिवसांविषयी वेगळे सांगायला नको. 13 तारखेला भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरले, 17 तारखेला निझामाने शस्त्रे खाली ठेवली. तारापोरांना ज्यांनी लान्सर्समध्ये घेतले त्याच एल एद्रूसांनी शरणागती पत्करली, आणि ती स्वीकारली मेजर जनरल जयंतो नाथ चौधुरींनी. संस्थानी सैन्य मोडीत निघाले. तिथल्या अधिकाऱ्यांपुढे मोठा प्रश्न होता. कालपर्यंत ज्यांच्या विरुद्ध बाजूला उभे होतो त्यांच्याच सैन्यात आता जागा मागायची. निवड होणार, चाळणी लागणार, आणि निवड झाली तरी निझामाचा माणूस हा शिक्का राहणार.

1951 मध्ये तारापोरांची भारतीय सैन्यात निवड झाली आणि 1 एप्रिलपासून ते पूना हॉर्समध्ये आले. नव्या रेजिमेंटमध्ये बाहेरून आलेल्या माणसाने जागा मिळवायची म्हणजे काय, हे ज्यांनी पहिल्या पिढीत सरकारी कार्यालयात पाऊल ठेवले त्यांना चांगले माहीत आहे. एकदा लायकी सिद्ध करून भागत नाही, रोज करावी लागते. तारापोरांनी ती केली. रेजिमेंटच्या एका स्क्वाड्रनचे नेतृत्व केले, सेंच्युरियन रणगाड्यांच्या प्रशिक्षणासाठी इंग्लंडला जाऊन आले, आणि पुढे लेफ्टनंट कर्नल होऊन रेजिमेंटचे कमांडिंग ऑफिसर झाले. कोरेगावात स्वान्स्टनच्या हाताखाली लढलेले घोडदळ आता हैदराबादहून आलेल्या एका पारशाच्या हाताखाली होते. आणि ज्या चौधुरींनी हैदराबादची शरणागती घेतली, ते आता देशाचे लष्करप्रमुख होते.

1965 च्या सप्टेंबरमध्ये युद्ध पेटले. सियालकोटच्या आघाडीवर पहिल्या चिलखती डिव्हिजनला आत घुसायचे होते, आणि पूना हॉर्स त्या डिव्हिजनमध्ये होती. उसाची आणि भाताची शेते, मध्ये मातीची छोटी गावे, कालवे, ओढे. समोर पाकिस्तानचे अमेरिकन पॅटन रणगाडे. सेंच्युरियनपेक्षा ते नवे होते आणि त्यांची कीर्ती मोठी होती. एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. फाळणीत देशाचे 18 रिसालेही वाटले गेले होते, 12 भारताला आणि 6 पाकिस्तानला. त्यामुळे सियालकोटच्या शेतांत जे एकमेकांवर गोळे टाकत होते, त्यांतल्या अनेकांनी एकाच प्रकारच्या मेसमध्ये जेवण केले होते, एकाच पुस्तकातून डावपेच शिकले होते, एकाच जुन्या सैन्याच्या कथा ऐकल्या होत्या.

11 सप्टेंबरला फिलोरावर हल्ला झाला. फिलोरा घेतले की पुढे चविंडा, आणि चविंडाजवळून सियालकोटची रेल्वे जाते. फिलोरा आणि चविंडा यांच्या मध्ये असताना वझीरवालीच्या बाजूने पाकिस्तानी रणगाड्यांनी पूना हॉर्सवर उलट हल्ला चढवला. तारापोर जागचे हलले नाहीत. हल्ला परतवला, आणि एका स्क्वाड्रनला पायदळाबरोबर फिलोऱ्यावर पाठवले. रणगाड्यांचा आणि तोफांचा मारा सतत चालू होता. या लढाईत ते जखमी झाले. मागे रुग्णालयात जायला सांगितले, ते गेले नाहीत.

रणगाड्यात चार माणसे असतात. चालक, गोलंदाज, गोळा भरणारा आणि कमांडर. कमांडरच्या डोक्यावर झाकण असते. ते बंद केले की आत तुलनेने सुरक्षित, पण बाहेरचे जग काचेच्या छोट्या फटीतून बघायचे. उसाच्या शेतात लपलेला शत्रूचा रणगाडा त्या फटीतून दिसत नाही. म्हणून तारापोरांच्या रेजिमेंटमध्ये कमांडरांनी झाकण उघडे ठेवून, डोके आणि खांदे बाहेर काढून उभे राहायचे, अशी रीत होती. पहिला गोळा कोणाचा बसतो यावर सगळे ठरते, आणि ज्याला आधी दिसेल तोच आधी मारेल. हिशेब साधा आहे, पण गोळ्यांच्या तुकड्यांच्या पावसात डोके बाहेर काढायचा हुकूम द्यायचा तर हुकूम देणाऱ्याचे डोके आधी बाहेर हवे. जखमी कर्नल सहा दिवस तसेच उभे होते.

14 तारखेला वझीरवाली घेतले. 16 तारखेला जस्सोरान आणि बुतूर डोग्रांडी. चविंडाच्या भोवती फास आवळायचा हा प्रयत्न होता. तारापोरांच्या रणगाड्यावर पुन्हा पुन्हा गोळे बसले, तरी या दोन्ही ठिकाणी त्यांनी पायदळाच्या मदतीला ताबा टिकवून धरला. त्यांना पाहून बाकीचे रणगाडेही मागे सरले नाहीत. सरकारी नोंद सांगते की पूना हॉर्सने या लढायांत शत्रूचे सुमारे 60 रणगाडे नष्ट केले आणि स्वतःचे 9 गमावले. 16 सप्टेंबरलाच बुतूर डोग्रांडीत त्यांना मरण आले. वय 42.

मरणाआधी त्यांनी आपल्या हाताखालच्या मेजर चीमांना काही गोष्टी सांगून ठेवल्या होत्या. आपण पडलो तर रणांगणावरच दहन करायचे. प्रार्थनेचे पुस्तक आईला द्यायचे. गळ्यातली साखळी बायकोला, अंगठी मुलीला, हातातले कडे आणि फाउंटन पेन मुलाला. पारशी माणसाने दहन मागावे ही लहान गोष्ट नव्हे. त्या धर्मात अग्नी पवित्र, प्रेताने तो विटाळू नये म्हणून तर दखमा असतो. पण ज्या सवारांबरोबर राहिलो, त्यांच्यातला कोणी पडला की त्याची जशी चिता रचली जाते तशीच आपली रचावी, असे त्यांना वाटले असावे. कारण त्यांनी लिहून ठेवलेले नाही. तोफांचा मारा चालू असताना शत्रूच्या जमिनीवर चिता पेटली. निझामाचे राज्य संपले त्याला त्याच आठवड्यात 17 वर्षे होत होती.

बुतूर डोग्रांडीत ते एकटे पडले नाहीत. त्यांच्या रणगाड्यांबरोबर चालणारे पायदळ होते 8 गढवाल रायफल्स. त्यांचे कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल झिराड त्याच लढाईत मारले गेले. झिराड हे अलिबागजवळचे गाव. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवणाऱ्या, शनिवारी काम बंद ठेवतात म्हणून 'शनिवार तेली' म्हणवल्या गेलेल्या बेने इस्राएल समाजातले ते. त्यांच्यानंतर पलटणीची सूत्रे घेतली मेजर अब्दुल रफी खान यांनी, आणि तेही मारले गेले. त्यांना मरणोत्तर वीर चक्र मिळाले. सियालकोटजवळच्या दोन-चार खेड्यांत, एक-दोन दिवसांच्या आत, एक पारशी, एक यहुदी आणि एक मुसलमान अधिकारी आपापल्या माणसांच्या पुढे राहून मेले. मीरा रोडच्या ज्या इमारतींत भाड्याने घर मागताना आधी आडनाव विचारतात, तिथे राहणाऱ्यांनी ही तीन नावे मुलांना सांगायला हरकत नाही.

चविंडा मात्र हाती आले नाही. शौर्यकथा सांगताना हे वाक्य बहुतेक वेळा गाळतात. बुतूर डोग्रांडी आणि जस्सोरानही टिकवता आले नाहीत. 23 सप्टेंबरला युद्धबंदी झाली. जानेवारी 1966 मध्ये ताश्कंदचा करार झाला, दोन्ही देशांनी जिंकलेली जमीन एकमेकांना परत केली, फिलोराही परत गेले. तारापोरांची चिता जिथे पेटली ती जागा आज सीमेपलीकडे आहे. त्यांच्या पत्नी पेरीन आणि दोन लहान मुलांना तिथे फूल वाहायला जाण्याचीही सोय राहिली नाही.

त्या युद्धात दोनच परमवीर चक्रे दिली गेली, दोन्ही मरणोत्तर. एक तारापोरांना. दुसरे कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद यांना, जे 10 सप्टेंबरला पंजाबात खेमकरणजवळ जीपवरच्या तोफेने पॅटन रणगाडे फोडताना पडले. हमीद गाझीपूर जिल्ह्यातल्या शिंपीकाम करणाऱ्या घरातले. त्यांची रेजिमेंट होती ग्रेनेडियर्स.

आता पुन्हा स्तंभाकडे या. कोरेगावात लढलेली ती दुसरी पलटण, जिच्यातली 22 नावे आम्ही बोट लावून वाचतो, तिला त्या लढाईतल्या कामगिरीबद्दल ग्रेनेडियरचा मान मिळाला आणि ती पुढे याच ग्रेनेडियर्स रेजिमेंटचा भाग झाली. हमीद यांची चौथी बटालियन वेगळी, तिचा स्वतःचा इतिहास वेगळा, पण रेजिमेंट तीच. आणि त्या दिवशी तिच्याबरोबर असलेले घोडदळ म्हणजे पूना हॉर्स. म्हणजे 1965 ची दोन्ही परमवीर चक्रे कोरेगावात शेजारी लढलेल्या दोन रेजिमेंटांकडे गेली. एक पारशी कर्नलकडे, एक मुसलमान शिंप्याच्या मुलाकडे. कोरेगावचे पायदळ ज्यांच्या बळावर लढले त्यांना मध्ये पन्नास वर्षे सैन्याच्या दारातच उभे राहू दिले नव्हते. हे शल्य आहे आणि ते आम्ही लपवत नाही. म्हणून हमीद किंवा तारापोर यांचे शौर्य परके ठरत नाही. आम्ही दर 1 जानेवारीला ज्या वारशावर हक्क सांगतो, त्यात ही दोन माणसे आधीपासून आहेत. आम्हीच त्यांना मोजले नव्हते.

पूना हॉर्स सहा वर्षांनी पुन्हा त्याच भागात गेली. 16 डिसेंबर 1971 ला बसंतरच्या लढाईत सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल या 21 वर्षांच्या पोराने पेटलेला रणगाडा सोडायला नकार दिला आणि रेजिमेंटला दुसरे परमवीर चक्र मिळाले, तेही मरणोत्तर.

तारापोरांचे नाव पुण्याच्या कॅम्पात एका रस्त्याला आहे. शिपिंग कॉर्पोरेशनच्या एका तेलवाहू जहाजाला ते दिले गेले होते. 2023 मध्ये अंदमानातल्या 21 बेटांना परमवीर चक्र विजेत्यांची नावे दिली, त्यात एक तारापोर बेट आहे. कोरेगावला जाताना पुण्यात थांबणारे आमचे अनेक बांधव कॅम्पातल्या त्या रस्त्यावरून जातात. पाटीवर लेफ्टनंट कर्नल तारापोर एवढेच लिहिलेले असते.